गाडीचा पीळ

संपादकबाईंना खरं तर इलेक्ट्रिक गाड्यांवर लेख हवा होता. त्या विषयावर यंदा दर दुसऱ्या अंकात कोणी ना कोणी लिहिणारच, म्हणून मी नको म्हटलं आणि सध्या डोक्यात काय घोळतंय ते सांगितलं: स्पोर्ट्स कारला बाजारातून आणून ब्रेसिंग, म्हणजे जादा आधाराचे दांडे, लावले तर चासीचा, म्हणजे सांगाड्याचा, ताठपणा खरंच वाढतो का? "वाचकांना कळेल असं लिहा म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. प्रयत्न करतो. नोकरीची सगळी वर्षं गाड्यांचे सांगाडे पिळून बघण्यात गेली, तेव्हा मधेच घसरलो तर सांभाळून घ्या.

निमित्त भाच्याचं. तो मँचेस्टरला असतो आणि त्याच्याकडे दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. दोन सीटची, कापडी टपाची. आपल्याला माझदा हे नाव ठाऊक झालं ते स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे. पण १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात अवतरलेली ही छोटी गाडी पुढे जगात सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार ठरली. भाच्याने विचारलं, "मामा, इंजिनवरून जाणारा स्ट्रट बार आणि खालून लावायच्या ब्रेसेस असा सेट मिळतोय. ताठपणा तीस टक्के वाढतो म्हणतात. घेऊ का?" तीस टक्के कशाचे, कुठे मोजलेले, हे जाहिरातीत नव्हतं. ते कधीच नसतं.

आधी थोडं शास्त्र. गाडीचं पुढचं एक चाक उंचवट्यावर चढलं की सांगाड्याला पीळ पडतो. दिवाळीत घरोघरी मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके येतात. एक रिकामा खोका झाकण चिकटवून दोन्ही हातांनी पिळून बघा, मग झाकण काढून तोच पिळा. छप्पर कापलेल्या गाडीचं दुखणं तेच आहे. बंद नळी पिळाला दाद देत नाही, उघडी लगेच वळते. बाहेरून ५० मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची नळी घ्या आणि तिला लांबीभर एक बारीक चीर द्या. पोलाद तेच, वजन जवळपास तेवढंच. पिळाला होणारा विरोध मात्र ४३२ पटींनी घटतो. लोटसची १९९६ची एलिस आठवा. अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली तिची चासी जेमतेम ६८ किलोची, आणि तिला एक अंश पीळ द्यायला सुमारे १०,००० न्यूटन-मीटर लागतात. सगळी करामत दोन्ही बाजूंना दारांखालून जाणाऱ्या त्या उंच, रुंद, बंद सिलमध्ये आहे. आत शिरताना गुडघे हनुवटीला लागतात ते त्यामुळेच.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. 'हाय टेन्साइल स्टीलचा बार, त्यामुळे जास्त ताठ' असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पोलाद साधं असो की उंची, ताठपणाच्या बाबतीत दोन्ही सारखीच. उंची पोलाद उशिरा तुटतं, उशिरा कायमचं वाकतं, एवढाच त्याचा गुण. हे मी इंजिनिअर झालेल्या मुलांनाही समजावत आलो आहे आणि आता कंटाळलो आहे.

आता तो स्ट्रट बार. इंजिनाच्या दोन बाजूंना स्प्रिंगची वरची टोकं जिथे बसतात ते दोन बुरूज जोडणारा हा आडवा दांडा. बॉनेट उघडलं की चकाकतो, म्हणून खपतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे जिथे स्प्रिंग-शॉकचा खांबच चाकाला वरून धरतो तिथे, चाकाचा काही आडवा जोर त्या बुरुजांपर्यंत पोचतो, तिथे दांड्याला थोडंफार काम मिळतं. एमएक्स-५ला चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन बाहू धरतात. वळणावरचा आडवा जोर विशबोनच्या वाटेने खालच्या खाली जिरतो. वर येतो तो मुख्यतः स्प्रिंगचा उभा रेटा. शिवाय गाडी पिळली जाते तेव्हा एक बुरूज वर जातो, दुसरा खाली. त्यांच्यामधलं अंतर जवळजवळ बदलत नाही. दोन्ही टोकांना एकेका बोल्टवर फिरणारा दांडा अशा वेळी नुसता तिरका होतो, विरोध करत नाही. बरं, इंजिन आड येतं म्हणून दांडा मध्ये वर उचललेला. २५ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी सरळ असेल तर दाबाला भक्कम. तीच मध्ये ८ सेंटीमीटर वर उचलली की दाबाविरुद्धचा ताठपणा कैक पटींनी घटतो. विश्वास नसेल तर कोणत्याही दुसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकलच्या मुलाकडून गणित करून घ्या. दोन्ही बुरूज मागच्या फायरवॉलशी, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीशी, तिरके जोडले, म्हणजे त्रिकोण साधला, तर गोष्ट वेगळी. तसे बार मिळतात; दिसायला ओबडधोबड, म्हणून कमी खपतात.

मोजायचं कसं, तेही सांगतो, कारण माझा जीव त्यात आहे. शॉक अॅब्सॉर्बर काढून त्या जागी भरीव दांडे बसवायचे. गाडीची मागची बाजू जखडायची, पुढची एका तुळईवर ठेवायची आणि ती तुळई मधोमध सुरीच्या धारेसारख्या टेकूवर. एका टोकाला मीटरभर अंतरावर शंभर किलो टांगले की साधारण १,००० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. सिलच्या खाली ठरावीक अंतरांवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारे काटे, लावलेले असतात. ५,००० न्यूटन-मीटर प्रति अंश ताठपणाच्या सांगाड्यात मधल्या रेषेपासून ७० सेंटीमीटरवरचा काटा अडीच मिलिमीटरही हलत नाही. स्ट्रट बारने पाच टक्के फरक पडला असं धरलं, तर तो काट्यावर एक दशांश मिलिमीटरच्या आसपास दिसेल. भार काढल्यावर काटा कधी कधी शून्यावर परतत नाही, कुठलातरी बोल्ट सरकलेला असतो. म्हणून आधी भार चढवून-उतरवून सांगाडा 'बसवून' घ्यावा लागतो. मग पुढून मागे पिळाचा आलेख काढायचा. उघड्या गाडीत आलेख झपकन चढतो तो दारांच्या पट्ट्यात, डॅशबोर्डपासून सीटच्या पाठीपर्यंत. दुखणं तिथे आणि मलम बॉनेटखाली.

समजा, खालून लावलेल्या ब्रेसेसने ताठपणा खरोखर वीस टक्के वाढला. उदाहरणापुरतं धरू की पुढचं सस्पेन्शन अंशाला ५०० न्यूटन-मीटर पीळ सोसतं, मागचं ४०० आणि बॉडी ५,०००. तिन्ही एकापाठोपाठ जोडलेल्या स्प्रिंगच आहेत, एकूण पिळात बॉडीचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. ती वीस टक्के ताठ केली तरी गाडीच्या एकूण वागण्यात एक टक्काही फरक पडत नाही. रेसिंगच्या चौपट कडक स्प्रिंग घातल्या तर बॉडीचा वाटा पंधरा टक्क्यांवर जातो आणि तिथे ब्रेसिंगला अर्थ येतो. भाचा गाडी ऑफिसला नेतो.

ब्रेसिंग म्हणजे सगळी फसवणूक, असं मात्र मी म्हणणार नाही. माझदानेच एमएक्स-५च्या १९९४च्या मॉडेलमध्ये १.८ लिटरचं इंजिन घातलं तेव्हा खालून आणि सीटबेल्टच्या खांबांमध्ये जादा ब्रेसिंग दिलं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल जोडणारी अॅल्युमिनियमची लांब चौकट या गाडीत पहिल्यापासून आहे, पण ती अॅक्सिलरेटर दाबताच चाकांना झटपट प्रतिसाद मिळावा म्हणून. बॉडीचा पीळ रोखते म्हणून तिचं कौतुक करणारे उगाच करतात.

आणि एका ठिकाणी माझाही सूर खाली येतो. ज्यांना फरक 'जाणवतो' ते सगळेच काही खोटं बोलत नसावेत. उघड्या गाडीत खराब रस्त्यावर डॅशबोर्ड आणि आरसा थरथरतो, ती कंपनांची भानगड. माझ्या टांगलेल्या वजनांना ती दिसत नाही. यामाहा बॉडीला आडवा लावायचा, कंपनं जिरवणारा एक डँपर बनवते. तो मिलिमीटरपेक्षाही कमी हलतो, ताठपणात फारशी भर घालत नाही, तरी चालवणाऱ्याला फरक कळतो आणि टोयोटासारख्या कंपनीने तो वापरला आहे. खालच्या ब्रेसने थरथर कमी होत असेल तर मी वाद घालणार नाही.

भाच्याला मी गाडी वर उचलून फोटो पाठवायला सांगितलं. मागच्या चाकाच्या पुढे सिलवर रंगाचे फुगे आले होते. या गाडीत टपावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून सिलच्या मागच्या टोकाशी उतरतं. नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी आतच साचतं, आणि इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते वेगळंच. फ्लोअरखालचे पातळ पत्र्याचे रेल कोणीतरी भलत्या जागी जॅक लावून चेपवले होते. म्हणजे ज्या बंद नळीच्या जोरावर गाडी उभी आहे तीच उघडी पडायला आली होती. सीटबेल्टच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटीमीटरच्या आत असा गंज खोल गेला तर तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते. "आधी सिल कापून नवीन वेल्ड करून घे, पाण्याच्या नळ्या साफ कर, टायर बदल. पैसे उरले तर फ्लोअरखालच्या रेलना मजबुती दे. स्ट्रट बार घेऊ नकोस," असं कळवलं. त्याने सिलचं काम करून घेतलं. बारही घेतला. छान दिसतो म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वाचकांपैकी कोणी असा सेट घेणार असेल तर विक्रेत्याला एवढंच विचारा: गाडी कुठे धरली होती, भार किती दिला, आणि काटा कुठे लावला होता? कोणी नीट उत्तर दिलं तर ते अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने जरूर पाठवा.