सातवीच्या वर्गांतील एक तास

आमच्या शाळेच्या वार्षिकांत बहुधा सहलींचीं वर्णनें, बक्षीससमारंभाचे वृत्तांत आणि होतकरू कवींच्या कविता येतात. त्यांच्या पंक्तीला कर्करोगासारखा अमंगळ विषय बसवावा कीं नाहीं, याचा मीं बराच विचार केला. परंतु या विषयाच्या पायीं माझ्या हातून एका विद्यार्थ्याचा अपराध घडला आहे, आणि तो कबूल करावयास या पानांहून योग्य जागा मला दिसत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मी सातवीला शास्त्र शिकवीत होतों. तंबाखूच्या दुष्परिणामांचा पाठ आला, तेव्हां तो मुलांच्या मनावर कायमचा ठसावा म्हणून मीं मोठी तयारी केली. रोग्यांच्या तोंडांचीं भयंकर चित्रें भिंतीवर लावलीं. १७७५ सालीं लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें धुराडीं साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशीं जोडला. १९१५ सालीं यामागिवा आणि इचिकावा या जपानी शास्त्रज्ञांनीं सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर लावून तेथें कर्करोग उत्पन्न करून दाखविला. हा सर्व इतिहास मीं रंगवून सांगितला. शेवटीं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलें : ‘कर्करोग टाळणें आपल्या हातीं आहे.’

घंटा होण्यास पांच मिनिटें उरलीं असतां मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. तो कधीं आपण होऊन बोलत नसे. म्हणाला, “सर, माझ्या आईनें तंबाखूला कधीं हातही लावला नाहीं. मग तिला कां झाला?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. ‘अपवाद असतात’ असें कांहींसें पुटपुटून मीं पुस्तक मिटलें. त्याच्या आईचें दुखणें मला ठाऊक नव्हतें. तें आतां सबंध वर्गाला ठाऊक झालें होतें. मधल्या सुट्टींत त्याच्या शेजारच्या मुलानें आपला डबा उचलून दुसरीकडे नेला, कां तर तो रोग ‘लागतो’ म्हणून! रोग्याच्या भांड्यांतून, स्पर्शांतून वा श्वासांतून कर्करोग दुसऱ्यास होत नाहीं, हें साधें वाक्य मीं तासभर बोलून उच्चारलेंच नव्हतें. आणि टाळणें हातीं आहे म्हटल्यावर, ज्याला झाला त्याचेंच कांहीं तरी चुकलें असलें पाहिजे, असा अर्थ बारा वर्षांच्या मुलानें काढला तर दोष कोणाचा?

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं चित्रें काढून ठेविलीं, आणि आठवड्यानें तोच पाठ निराळ्या रीतीनें घेतला. पहिल्या बाकावरील मुलीला पांच ओळींचा एक उतारा दिला. तिनें तो उतरून घ्यावयाचा, तिची नक्कल शेजारणीनें उतरावयाची, शेजारणीची मागच्यानें. असें करीत मजकूर सबंध वर्गांतून फिरला. मुळाशीं ताडून पाहिला तों दोन शब्द गळले होते, आणि ‘पाणी’चें ‘पान’ झालें होतें. मग तोच खेळ पुन्हां. परंतु या खेपेस लिहिणाऱ्याचें बाक दोघांनीं हलवीत राहावयाचें. चुकांना सुमार राहिला नाहीं, आणि गोंगाटालाही नाहीं; शेजारच्या वर्गांतून निरोप आला.

मग मीं सांगितलें, “एका पेशीच्या दोन होतांना तिच्या आंतील सूत्रांतला सबंध मजकूर असाच उतरून घ्यावा लागतो. चुका दुरुस्त करण्याची सोयही शरीरांत आहे, तरी एखादी निसटते. नेमक्या जागीं अशा कित्येक चुका एकाच पेशींत सांचल्या, म्हणजे ती ताळतंत्र सोडून वाढूं लागते. तंबाखूच्या धुरांत कर्करोगकारक म्हणून ओळखलेलीं सुमारें ७० द्रव्यें आहेत. तीं बाक हलविणारीं. तंबाखू ओढा, चघळा वा तिची मिश्री लावा, बाक हालतेंच. नुसती सुपारीही निर्दोष नाहीं. २००४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें तिला कर्करोगकारक ठरविलें आहे.”

मागच्या बाकावरून तोच मुलगा म्हणाला, “म्हणजे बाक न हलवितांही चूक होते?”

“होते. पहिल्या खेळांत बाक कोणीं हलविलें होतें?”

तो कांहीं न बोलतां खालीं बसला. शेजारचा मुलगा थोडा सरकून त्याच्या जवळ बसला. फळ्यावर मीं या वेळीं लिहिलें, ‘कर्करोगाचा धोका कमी करणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे.’ वाक्य लांबलें, परंतु खरें झालें. त्या मुलाच्या आईवर मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयांत उपचार झाले, आणि तो शाळा सोडून गेला त्या वर्षीं ती बक्षीससमारंभाला आली होती.

पुढें हा पाठ दरवर्षीं वाढत गेला. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकूं नये असा २००३ सालचा कायदा आहे, असें सांगितलें, तेव्हां मुलांनीं फीत घेऊन अंतर मोजण्याचा हट्ट धरला. शंभर यार्ड म्हणजे ९१ मीटरांहून थोडें अधिक. कोपऱ्यावरचें दुकान ८३ मीटरांवर निघालें. गणिताच्या तासाला इतक्या उत्साहानें कोणी कांहीं मोजीत नाहीं! कर्करोग लागत नसला तरी कांहीं कर्करोगांना वाट करून देणारे विषाणू मात्र लागतात, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूविरुद्धची लस मुलींना ९ ते १४ या वयांत देणें उत्तम, हा भाग सांगतांना मी अडखळूं लागलों. आमच्या एका सहशिक्षिकेनें तो माझ्याहून फार सरळपणें सांगितला. पालकांनीं तो घरीं विचारून पाहावा.

यंदाच्या वर्गांतील एका मुलीच्या आजीबाई गेलीं चाळीस वर्षें मिश्री लावतात. मुलीनें घरीं जाऊन व्याख्यान दिलें, मिश्रीची डबी लपविली, आणि आजीबाई दोन दिवस नातीशीं बोलल्या नाहींत. मीं तिला म्हटलें, “डबी परत दे. आजीला उजेडांत बसवून फक्त तोंड पाहा. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उघडलेल्या तोंडांत त्यांचीं स्वतःचीं तीन बोटें उभीं न जाणें, यांपैकीं कांहीं आढळलें तर डॉक्टरांकडे न्या.”

आजीबाईंनीं तोंड उघडलें. गालाच्या आंतल्या बाजूस पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनीं बारीक तुकडा काढून तपासण्यास पाठविला. कर्करोग निघाला नाहीं; परंतु मिश्री न सोडल्यास पुढें होऊं शकेल, असें त्यांनीं बजावलें आणि दर तीन महिन्यांनीं दाखवावयास सांगितलें. आजीबाई आतां सकाळीं मिश्री लावीत नाहींत. दुपारीं मात्र लावतात, असें नातीनें मला परवां हळूच सांगितलें.