दुसरी सही

जबलपूरच्या गोरखपूर वस्तीत आमचे बिऱ्हाड आहे. सायंकाळी कचेरीतून परतताना पानाची टपरी लागते. तेथे थांबून तंबाखूची पुडी घेणे हा दादांचा तीस वर्षांचा नेम आणि, लाज वाटली तरी लिहिले पाहिजे, आमचाही बारा वर्षांचा. गतवर्षी दादांच्या गालातील जखम भरेना, तेव्हा इटारसीमार्गे मुंबई गाठली. निदान झाले ते मुखाच्या कर्करोगाचे.

परतीच्या गाडीत वहिनींनी विचारले, "भाऊजी, रोगाशी लढणाऱ्या पेशी म्हणे शरीरातच असतात. मग त्या गप्प का बसल्या?" आम्ही पदवीधर खरे, पण उत्तर सुचेना. घरी येऊन ग्रंथ चाळले, तो आमच्याच कचेरीचे दर्शन घडले!

या लढवय्या टी-पेशींच्या पृष्ठभागावर नाना प्रथिने असतात. त्यांतील एक शत्रूची खूण ओळखते. पण तेवढ्याने हुकूम सुटत नाही. खूण दाखविणाऱ्या पेशीवरील बी-७ या प्रथिनाशी टी-पेशीच्या सीडी-२८ची गाठ पडावी लागते. ही दुसरी सही. ती नसेल तर प्रकरण तेथेच थंडावते. काम सुरू झाल्यावर सीटीएलए-४ पुढे येऊन तेच बी-७ अडवून धरते, तर पीडी-१ 'आता पुरे' असा शेरा मारते. हे शेरे नसते तर पेशी आपल्याच आतड्यांवर नि सांध्यांवर तुटून पडल्या असत्या. कर्करोग याच सावधगिरीचा फायदा घेतो. अंगावर पीडी-एल-१ धारण करून तो पीडी-१ला चेतवितो, आणि चालून आलेली पेशी थबकते.

पीडी-१ प्रथम १९९२ साली जपानात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडले. सीटीएलए-४चा लगाम सोडविण्याची वाट अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी दाखविली. दोघांस २०१८चे नोबेल मिळाले. पीडी-१वर बसून शेरा रोखणारे निवोलुमॅब हे औषध मात्र आम्हां पगारदारांच्या आवाक्याबाहेरचे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने त्यावर तोड शोधली. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम. त्यांनी तीन आठवड्यांस केवळ २० दिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगाचे रुग्ण नुसत्या तोंडी औषधांवर वर्षाअखेर शेकडा १६ जगले होते. त्यांस ही अल्प मात्रा जोडताच ४३ जगले.

दादांना तीच मात्रा चालू आहे. दर तीन आठवड्यांनी आम्ही त्यांना मुंबईस नेतो. अर्जित रजा संपत आली. शंभरांतून त्रेचाळीस वजा केले की सत्तावन्न उरतात, हा हिशेब वहिनींनाही येतो. त्या तो बोलून दाखवीत नाहीत.

परवा दादांसह टपरीवरून जात होतो. आमचा हात सवयीने खिशाकडे गेला. दादांना हल्ली बोलणे जड जाते. त्यांनी आमच्या मनगटावर नुसता हात ठेवला.

शेरा आम्हांस कळला.