राखेतली ऊब

राहू परिसरात पौषातली थंडी उसाच्या फडांतून येते. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या कुशीतला हा बागायती पट्टा. पाण्याने भिजलेल्या रानातून रात्रभर गारवा वर येत राहतो आणि पहाटे पारा कधीकधी दहा अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री जाग असते ती गुऱ्हाळावर. चुलवाणाची धग, काहिलीतल्या रसाची वाफ आणि माणसांची चाहूल. उसात बिबट्या असतो, हे इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक असावे. अंधार पडला की ती उजेडाच्या आणि उबेच्या आश्रयाला जातात.

पेठेतल्या एका किराणा दुकानाच्या पायरीवर वर्षानुवर्षे बसणारा मोत्याही तिथेच जात असे. तो दुकानाचा की गावाचा, याचा निवाडा कधी झाला नव्हता. मात्र घरातली शेवटची पोळी त्याची, हा नेम वृद्ध शेठजींच्या आईच्या काळापासून चालत आलेला. घरात चौविहार असल्यामुळे ही पोळी सूर्यास्तापूर्वीच त्याच्यापुढे पडे. मग दुकानाला कुलूप लागे. पुढच्या बारा तासांत मोत्या कुठे असतो, हे पाहण्याचे कुणाला कारण नव्हते.

एका सकाळी तो तीन पायांवर आला. पुढच्या उजव्या पंजाची गादी सोलून लालभडक झाली होती आणि तो ती सारखी चाटत होता. थंडीने भेगा पडल्या असाव्यात, असे समजून शेठजींनी खोबरेल तेल लावले. शिकागोला असलेल्या नातीलाही फोनवर तसेच वाटले. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने कुत्र्यांचे पंजे चुरचुरतात; म्हणून तिथली पाळीव कुत्री बूट घालून फिरतात. "आजोबा, मी चार बूट पाठवते," असे ती म्हणाली.

दोघांचाही अंदाज चुकला होता. पशुवैद्यांनी पंजा उलटून पाहिला आणि म्हणाले, "शेठ, हे थंडीचे काम नाही. हा निखाऱ्यावर उभा राहिला आहे."

खरे तर कुत्र्याचा पंजा थंडीसाठी फार विचारपूर्वक घडलेला आहे. गादीत चरबी असते, वर जाड कातडी असते. शिवाय आत ऊष्ण रक्त नेणाऱ्या धमन्यांभोवती परतीच्या शिरांचे जाळे असते. पायाकडे जाणारी उष्णता परत येणाऱ्या थंड रक्ताला मिळते आणि ती अंगातच राहते. जपानमधील हिरोयोशी निनोमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ही रचना दाखवून दिली. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे आठ पायमोजे बाळगण्याचा नियम आहे. पण तिथे शेकडो मैल बर्फ तुडवायचा असतो. राहूच्या थंडीत बुटांचे काम नाही. इथे पंजाला इजा करते ती ऊब.

चिपाडाची राख चुलवाणातून ओढून ढीग घातला की वरून ती थंड, करडी दिसते. आत निखारे तासन् तास जिवंत असतात. गारठलेला कुत्रा वरच्या ऊबदार थरात अंग मुडपतो आणि कूस बदलताना पाय आत रुततो. गावातल्या शेकोट्यांचेही तसेच.

भाजल्यावर पहिले काम साध्या गार पाण्याचे, तेही दहा-पंधरा मिनिटे संथपणे. बर्फ नको. तेलाने उष्णता आतच कोंडते, हे ऐकून शेठजी काही बोलले नाहीत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला घातक ठरू शकतात, त्याही द्यायच्या नाहीत. दुखावलेले ओळखीचे कुत्रेही चावते, म्हणून तोंडाला फडके बांधूनच मलमपट्टी करायची. पट्टी कोरडी राहिली पाहिजे. ओल्या फरशीवर ती तासाभरात निरुपयोगी होते.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात शेठजी पहिल्या व्रताच्या अतिचारांपाशी अडखळले. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्नपाणी तोडणे. पाचांपैकी एकही दोष त्यांच्या हातून घडला नव्हता. पोळी तर एक दिवसही चुकली नव्हती. तरी ते बराच वेळ बसून राहिले.

ज्या दुकानात साखरेची, डाळीची पोती रोज रिकामी होतात, तिथे बारदानाचा तोटा नसतो. रिकाम्या बारदानालाही भाव असतो आणि ते मोजून ठेवले जाते, म्हणूनच कदाचित आजवर कुणाला सुचले नव्हते. शेठजींनी दोन पोती घडी घालून लाकडी फळीवर अंथरली. फळी अशासाठी, की फरशीचा गारवा पोत्यातून वर येऊ नये. वाऱ्याच्या बाजूला तेलाचे दोन रिकामे डबे उभे केले. गुऱ्हाळवाल्यांना निरोप गेला, की रात्री राखेच्या ढिगावर पत्रे टाकता येतील का. त्यांनी लगेच होकार दिला. ढिगापाशी त्यांची स्वतःची पोरेही खेळत.

पहिल्या रात्री मोत्याने पोती हुंगली आणि लंगडतच गुऱ्हाळाची वाट धरली. दुसऱ्या रात्रीही तसेच. तिसऱ्या रात्री शेठजींनी आपली जुनी शाल पोत्यांवर टाकली. पहाटे दार उघडून पाहतात तो मोत्या शालीवर नव्हता. शाल बाजूला ओढून तो उघड्या बारदानावरच, पट्टीचा पाय पोटाशी घेऊन झोपला होता.