लांब पडतं

लहानपणी नागपूर–मुंबई हे अंतर आमच्या घरात किलोमीटरमध्ये नव्हतंच. ते ‘एक रात्र’ होतं. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचं. शेगावला खिडकीतून कचोरी घ्यायची. कागद तेलाने पारदर्शक झालेला, वर तळलेली मिरची. मग झोप. इगतपुरीच्या गारव्याने जाग यायची आणि कसारा घाट उतरला की आई माझी वेणी घालायला घ्यायची. मुंबईत नीटनेटकं उतरायचं असे.

नोकरी, लग्न, ठाण्यात घर. बाबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मी पहिल्यांदा विमानाने गेले. हवेतून हे अंतर जेमतेम 685 किलोमीटर, विमान दीड तासात उतरतं. ठाण्याहून विमानतळ गाठणं, तपासणी, वाट पाहणं धरून घरापासून दवाखान्यापर्यंत अर्धा दिवस गेला. पण मी पोचले तेव्हा बाबा बोलत होते. विमानप्रवासाला कुणी चैन म्हटलं, की मला ते मुळीच पटत नाही.

बाबा त्यांच्या लहानपणीच्या रात्रीच्या टपालविमानांबद्दल फार अभिमानाने सांगायचे. 1949 साली ती सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. तेव्हा सगळ्यांना नागपूरला यावं लागत होतं.

नंतर बहुतेक वेळा आम्हीच निघालो. शिकायला, मंत्रालयात अडकलेल्या फायलीसाठी, टाटा रुग्णालयात. 1953 च्या नागपूर करारानुसार सरकार वर्षातून एकदा अधिवेशनाला नागपुरात येतं, तेवढाच उलटा प्रवास.

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आता 701 किलोमीटरचा सलग रस्ता, कसाऱ्याच्या घाटाखालून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, आणि सोळा तासांच्या जागी आठ. हवेतल्या सरळ रेषेच्या इतका जवळ रस्ता आला, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. मात्र जुलै 2023 मध्ये सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 माणसं गेली, तेव्हापासून रात्री या रस्त्याने जायचं नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

सासूबाई माझ्या लग्नानंतर एकदाही नागपूरला आल्या नाहीत. मनाने प्रेमळ, पण विषय निघाला की म्हणतात, “अगं, लांब पडतं.” माझे आईबाबा दरवर्षी ठाण्याला येत, बाबांच्या आजारपणानंतरही. त्यांना ते लांब पडत नव्हतं का?

या फेब्रुवारीत मी सासूबाईंना नागपूरला घेऊन जाणार आहे. मृग बहाराची संत्री बाजारात असतील. पहाटे निघायचं, दुपारचं जेवण वाटेत, आणि दिवेलागणीच्या आत आईच्या दारात. बॅग भरायला मी त्यांना आजच सांगितलंय.