बालाघाट झोपून घालवू नका!

'डेक्कन ओडिसी' 2004मध्ये सुरू झाली. राजेशाही डबे, दिमतीला गाइड... पण आपल्या खिशाचं काय? मग आम्ही ऑफिसातल्या चौघांनी स्वतःचीच रेल्वे टूर काढली. मुक्काम पोस्ट औसा!

रात्रीची मुंबई-लातूर एक्सप्रेस पकडा, सकाळी लातूर. तिथून औसा वीसेक किलोमीटर. गाइड म्हणून गावातले एक निवृत्त गुरुजी मिळाले. किल्ला भुईकोट आणि तोही खोलगट जागेत, त्यामुळे जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. गुरुजींनी उंच बुरुजावर नेलं. "आता बघा!" चहूकडचं लांबलांबचं रान समोर. शत्रू दिसणार, किल्ला नाही. भन्नाट आयडिया! मलिक अंबरनेही हा किल्ला घेतला होता. दुहेरी तटबंदी, खंदक, तोफा... दोन तास पुरत नाहीत. तालुक्यातलीच खरोशाची लेणी जांभ्या दगडातली, तीही बघाच.

परतताना मात्र दिवसाची गाडी घ्या, कुर्डुवाडीपर्यंत. येताना झोपेत गेलेला बालाघाट आता खिडकीत येतो. या भागात पूर्वी अडीच फुटी 'बार्शी लाइट' धावायची. 1911मध्ये ती लातूरला पोचली.

सोमवारच्या दांडीचं बॉसला काय सांगायचं, यावर आमची येडशीपर्यंत चर्चा चालली होती. मग रामलिंगचा घाट लागला आणि विषयच बंद!