खोक्यावर न छापलेली गोष्ट

व्हीआरचं, म्हणजे आभासी वास्तवाचं, खोकं कोणत्या फोनवर चालणार नाही, हे त्या खोक्यावर सहसा छापलेलं नसतं. याचा राग मला अजून येतो.

गूगलने 2014 मध्ये पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ आणला तेव्हापासून कल्पना तीच आहे: दोन भिंगं आणि समोर फोन. गूगलने 2021 मध्ये त्याची विक्री थांबवली, पण तशीच प्लास्टिकची खोकी बाजारात मिळत राहिली. मी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून एक घेतलं. भूगोल शिकवते, समुद्राचा तळ नकाशातला निळा रंग दाखवून शिकवायचा मला कंटाळा आला होता.

दुकानदाराला फोन दाखवून विचारलं होतं. ‘ताई, सगळ्या अँड्रॉइडवर चालतं.’

वर्गात पहिल्याच मुलीने मान वळवली आणि म्हणाली, ‘मॅडम, मासे माझ्याबरोबरच वळतायत.’ मान कुठेही फिरवली तरी तोच तुकडा समोर. अ‍ॅप बदललं, फोन बंद करून चालू केला, काही नाही. घरी शोधत बसले तेव्हा कळलं, फोनमध्ये जायरोस्कोपच नाही. फोन आडवा धरला की पडदा आडवा होतो, ते काम अ‍ॅक्सेलरोमीटरचं. त्याला खाली-वर कुठे हे समजतं, पण मान डावीकडे वळली की उजवीकडे, हे समजत नाही. त्यासाठी जायरोस्कोप लागतो आणि बऱ्याच स्वस्त फोनमध्ये कंपन्या नेमका तोच गाळतात. फोनच्या डब्यावर मेगापिक्सेल मोठ्या अक्षरांत, याचा मात्र उल्लेखही नाही. दुकानात परत गेले तर उत्तर आलं, ‘मग फोन बदला ना.’ पैसे परत नाहीतच. खोक्यावर एक ओळ छापायला असा किती खर्च येतो?

म्हणून खोकं घेण्याआधी यूट्यूबवर कोणताही 360 अंशांचा व्हिडिओ लावा आणि फोन हातात धरून स्वतःभोवती फिरा. दृश्य सरकलं तर घ्या. बोटानेच सरकवावं लागत असेल तर खोक्यावर पैसे घालवू नका.

पुढे सहकारी शिक्षकांनी जुना, एके काळचा महागडा फोन दिला आणि तेच खोकं चाललं. चित्रात पिक्सेलची जाळी दिसते, भिंगांवर वाफ धरते, फोन तापतो. पुढे वाकलं तरी व्हिडिओतलं कासव जवळ येत नाही. फक्त मान वळलेली कळते, पाऊल नाही. काहींना गरगरतं, म्हणून खुर्चीवर बसवूनच दाखवते आणि चटकन काढून घेते. तरीही त्या मुलीने कासवाला हात लावायला बोटं पुढे केलीच.

क्वेस्ट 3एस हा फोनशिवाय चालणारा व्हीआर हेडसेट अमेरिकेत 2024 मध्ये 299.99 डॉलरला आला. तो नक्कीच कितीतरी सरस आहे, पण आमच्या शाळेला तो कोण घेऊन देणार? ज्या खोक्यावर मी इतकी चिडले, तेच आज दुसऱ्या शाळांतल्या बाईंना घ्यायला सांगते. आधी जायरोस्कोप असलेला जुना फोन मिळवा, एवढं बजावून. दुकानदारावरचा राग मात्र तसाच आहे.