व्होल्टाचे तळे आणि कोकणाकडचा बाण

आफ्रिकेच्या इतिहासाचा कुठलाही ॲटलास हाती आला की मी आधी अठराव्या शतकातल्या असांटे राज्याचे पान काढतो. राजधानी कुमासी सापडली की तिच्या पूर्वेला बघतो. तिथे फाटे फुटलेले, लांबच लांब निळे तळे दिसले, तर त्या ॲटलासवरचा माझा अर्धा विश्वास उडतो. ते तळे म्हणजे लेक व्होल्टा. अकोसोंबोचे धरण १९६५ मध्ये पुरे झाले आणि सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. १७५० साली तिथे नदी होती, तिचे काठ होते, काठाने जाणाऱ्या वाटा होत्या. आजचा कोरा नकाशा समोर घेऊन त्यावर जुनी राज्ये रंगवणाऱ्याने तिथली सगळी माणसे न विचारता बुडवली.

चाड सरोवराची गत याच्या उलट आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा विस्तार पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होता. पुढच्या काही दशकांत ते इतके आटले, की त्याचा जेमतेम तुकडा उरला. कानेम आणि बोर्नू ही राज्ये या पाण्याच्या आधाराने वाढली. त्यांच्या पानावर हे आटलेले पाणी काढले, तर राज्य तिथेच का उभे राहिले, हे वाचणाऱ्याला कळायचे कसे? जे. डी. फेज यांचा आफ्रिकेचा ॲटलास १९५८ चा. तेव्हा अकोसोंबोचे धरणच नव्हते, त्यामुळे ही चूक त्यांच्या हातून होणे शक्य नव्हते. नंतरच्यांना मात्र ती मुद्दाम टाळावी लागते, आणि टाळलेली दिसली की मला त्या माणसांविषयी आदर वाटतो.

पाण्यानंतर रेघ. एका दुपारी वाचनालयात भिंग घेऊन बसलो होतो. पान चौदाव्या शतकातल्या माली साम्राज्याचे. एक सेंटिमीटरला दोनशे किलोमीटर असे प्रमाण. भिंगाखाली दिसले, की पिवळा रंग सीमेच्या काळ्या रेघेबाहेर मिलिमीटरभर सरकला आहे. छपाईत असे होते. जमिनीवर तेवढ्याचे वीस किलोमीटर झाले. त्याचे मला काही वाटले नाही. मला खुपली ती रेघ. इतकी ठाम, इतकी सलग, की जणू मोजणीदारांनी वाळवंटात दगड रोवून साखळी ओढली होती. आपल्याला मालीविषयी काय ठाऊक आहे? तिथला राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला निघाला, वाटेत कैरोत त्याने सोने उधळले, म्हणून तिकडच्या लेखकांनी त्याची नोंद ठेवली. प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये वाळवंट ओलांडून वलाताला पोहोचला. पिढ्यान् पिढ्या गाणाऱ्यांनी राजवंशाची कथा जपली. यातून वाटा कळतात, गावे कळतात, बाजार कळतात. कडा कळत नाही. मग वाट गडद हवी आणि कडा विरत गेलेली हवी. या पानावर नेमके उलटे होते.

मराठी वाचकाला हे फोड करून सांगायला नको. १७६०च्या आसपासच्या मराठी सत्तेचा नकाशा आपण एकाच भगव्या रंगात पाहत आलो. पण स्वराज्याचा मुलूख निराळा आणि चौथाईचा निराळा. जिथून चौथाई येई, तिथे अंमल बहुधा दुसऱ्याचाच असे. हे सारे एका रंगात बुडवले, की अभिमानाला बरे वाटते, पण राज्य चालायचे कसे, ते कळायची सोय राहत नाही. आफ्रिकेतही पुष्कळ ठिकाणी सत्ता मोजली जाई ती माणसांवर आणि खंडणीवर. जमीन पुष्कळ होती, माणसे विरळ होती. तिथे सीमारेषा ओढणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे.

एकदा काढलेली रेघ किती चिवट असते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण काँग पर्वतांचे. मंगो पार्कच्या प्रवासवर्णनासाठी १७९८ मध्ये जेम्स रेनेल यांनी नकाशा केला. हे तेच रेनेल, बंगालच्या सर्वेक्षणामुळे नावाजलेले, म्हणजे कच्चा गडी नव्हे. त्यांनी पश्चिम आफ्रिकेत पूर्व-पश्चिम अशी डोंगरांची रांग काढली. पुढचे नकाशे ती उतरवून घेत राहिले. कुणी तिच्यावर बर्फही चढवले. जवळजवळ नव्वद वर्षांनी फ्रेंच अधिकारी बँझे स्वतः काँग गावी जाऊन आला. डोंगर नव्हतेच.

यावर उपाय म्हणून कोरी जागा सोडावी, असे वाटते. फ्रेंच नकाशाकार द'ॲनव्हिलने १७४९ मध्ये तसेच केले. ऐकीव गोष्टी पुसून खंडाचा पोटभाग पांढरा ठेवला. त्या प्रामाणिकपणाला माझा नमस्कार. पण पुढे त्याच पांढऱ्या जागेचा अर्थ लोकांनी 'तिथे कुणी नाही' असा लावला. १८८४-८५ मध्ये आफ्रिकेच्या वाटणीविषयी बर्लिनला परिषद भरली, तेव्हा टेबलाभोवती एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. म्हणून नुसते कोरे सोडून भागत नाही. 'आम्हाला माहीत नाही' हे शब्द सूचीत, खुणांच्या चौकटीत, स्वच्छ छापलेले हवेत.

आणि शेवटी मी बाण बघतो. अटलांटिकवरून गुलाम नेल्याचा जाड बाण बहुतेक ॲटलासांत असतो, आणि त्या जाडीला आधार आहे: सुमारे छत्तीस हजार सफरींच्या नोंदी जुळवून अभ्यासकांनी सव्वा कोटी माणसांचा अंदाज बांधला आहे. पूर्वेकडे मात्र पानाची चौकटच अनेकदा अरबस्तानाशी संपते. त्या चौकटीबाहेर माझा मुलूख आहे. इथिओपियात जन्मलेला, बगदादच्या बाजारातून विकला जाऊन अहमदनगरला आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, त्याने खडकी वसवली, १६२६ मध्ये वारला, आणि खुलताबादला त्याची कबर आहे. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत होते. इकडे येणारा बाण नसेल, तर ते आफ्रिकेचे चित्र मला अपुरे वाटते.

मध्यंतरी एका ॲटलासात तो बाण सापडला. हिंदी महासागर ओलांडून थेट कोकणाला टेकलेला, अटलांटिकच्या बाणाइतकाच जाड. पाहून जीव सुखावला. मग भिंग लावले. खाली खुणांच्या चौकटीत लिहिले होते, की बाणाची जाडी माणसांच्या संख्येप्रमाणे आहे. पूर्वेच्या व्यापाराची तशी सलग जहाजवार नोंद नाही, हे मला ठाऊक होते. हवाहवासा बाण होता, हव्या त्या जागी पोहोचला होता. तरी वहीत मी त्याच्यापुढे लिहिले: असायलाच हवा, पण तुटक रेघेने.